वहिनींच्या दोन ओळी

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ५८ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त, पुण्यात राहतात. माहेर साताऱ्याचं. राजवाड्यापासून पायी सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या पेठेत घराण्याचा दुमजली वाडा आहे. कमरेएवढं दगडी जोतं, त्यावर विटांच्या भिंती, मधे चौक, सागवानी खांब. घरातल्यांच्या हिशेबानं वय सव्वाशेच्या आसपास. वाड्यात आज थोरले भाऊ (६५) आणि वहिनी (६२) राहतात. पुढच्या दोन खोल्यांत १९६४ पासून एक शिंपी कुटुंब भाड्यानं आहे, भाडं महिना ६० रुपये. धाकटा भाऊ नाशिकला. आता एका बिल्डरनं वाडा पाडून चार मजली इमारत बांधायचा प्रस्ताव आणलाय, आणि गेल्या दिवाळीत वहिनी पहिल्यांदाच बोलल्या, "मला आता फ्लॅटच हवा." ताईंना ते लागलं. त्या विचारतात: वाडा हेरिटेज म्हणून जाहीर करून घेता येईल का, म्हणजे कुणाला पाडताच येणार नाही? मी सहीच दिली नाही तर? आणि घराण्याचा वारसा वहिनीला समजावून कसा सांगू?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. साडेचार पानांचं आहे. त्यात खांबांची नक्षी आहे, देवघराची महिरप आहे, माजघरातलं धान्याचं बळद आहे. एक मोठे पुढारी आजोबांकडे मुक्कामाला होते, तो प्रसंग सबंध पानभर आहे. वहिनींना मात्र दोन ओळी. त्यातली एक अशी: 'तिची तक्रार काय, तर म्हणे संडास परसात आहे.'

आपण तिथूनच सुरुवात करू.

परसात म्हणजे किती पावलांवर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या आजोळी, वाईला, अठ्ठावीस पावलं आणि तीन पायऱ्या होत्या. मे महिन्यात सुट्टीला गेलेल्या आम्हा पोरांना त्यात गंमत वाटायची. श्रावणात रात्री दोन वाजता, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छत्री, पायाखाली शेवाळ आणि गुडघ्यात कळ, अशी मामी ती पावलं कशी टाकत असेल, ते मला स्वतःचे गुडघे बोलायला लागल्यावर कळलं. तुमच्या वहिनी ६२ वर्षांच्या आहेत. त्यांनी फ्लॅट मागितलाय, की आतला संडास मागितलाय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या घरात बहुधा कुणी त्यांना हे विचारलेलंच नाही.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला तपशील तुम्ही जाता जाता लिहिलाय. कोठीच्या दारामागे आजोबा दर उन्हाळ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवत: कौलं कोणत्या तारखेला चाळली, फुटकी किती निघाली, नवी किती घातली. त्यांच्यानंतर तुमच्या वडिलांनी लिहिलं. आणि पुढे तुमचं वाक्य: 'दादा (म्हणजे वडील) १९९१ ला गेले, तेव्हापासून वहिनी लिहिते.'

थांबा जरा इथं. म्हणजे तीसहून जास्त उन्हाळे त्या दारावर वहिनींचं अक्षर आहे. दर वैशाखात गडी बोलवायचा, शिडी धरायची, कौलं मोजून घ्यायची, पन्हळीतला पाला काढायचा आणि मग दारामागे जाऊन दोन आकडे लिहायचे. आणि तुम्ही मला विचारताय की वारसा त्यांना समजावून कसा सांगू! ताई, रागावू नका, पण त्या घरात वारसा कुणाला कळत असेल तर तो त्या बाईला कळतो. त्या दमल्यात, इतकंच. तुम्हाला वाडा आठवतो, त्यांना तो झाडावा लागतो.

आता हेरिटेजचं. याबद्दल आपल्याकडे बराच घोटाळा आहे म्हणून थोडं सविस्तर. केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली एखादी वास्तू संरक्षित स्मारक होते. राहत्या घरांच्या वाट्याला ते सहसा येत नाही, आणि आलं तर तुमचा गवंडीसुद्धा परवानगीशिवाय थापी उचलू शकणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नगररचनेच्या नियमांखाली होणारी वारसा वास्तूंची यादी. मुंबईत असे नियम १९९५ ला आले. राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू झालेल्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही वारसा-जतनाच्या तरतुदी आहेत. यादीत श्रेणी असतात, श्रेणीप्रमाणे बंधनं असतात, पाडायला किंवा दर्शनी भाग बदलायला आधी मंजुरी लागते. यादी पक्की होण्याआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. म्हणजे तुमच्या बाबतीत चित्र असं: तुम्ही पुण्याहून अर्ज करणार आणि वाड्यात राहणारे भाऊ-वहिनी त्यावर हरकत घेणार.

समजा तुमचं खरं झालं, वाडा यादीत गेला. पुढे? यादी कौलं घालत नाही. ज्याला पाडता येत नाही आणि दुरुस्त करणं परवडत नाही, अशा घराला लोक कुलूप लावतात. कुलूप लावलेला वाडा कसा जातो ते मी पाहिलंय. आधी दोन उतारांच्या सांध्यावरचं एक कौल सरकतं. त्यातून येणारं पाणी भिंतीच्या माथ्यात मुरतं, विटांमधली माती धुऊन जाते, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक कुजतं. हे सगळं आत, मुकाट्यानं. तीन-चार पावसाळ्यांनी एका जुलैत पोट काढून उभी असलेली भिंत खाली बसते आणि मागोमाग नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. माणूस राहत असतं तर पहिल्याच रात्री टप टप ऐकून त्यानं खाली बादली ठेवली असती आणि सकाळी वर माणूस चढवला असता. जुन्या घराची निम्मी डागडुजी त्यात कुणीतरी राहतंय यातच होते.

म्हणून हेरिटेज हे हत्यार म्हणून वापरू नका. घरच्यांविरुद्ध तर नकोच.

पण वाड्याला मोल आहे का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असंच आहे. फक्त तुम्ही दिलेल्या कारणांसाठी नाही. ते पुढारी राहू द्या बाजूला. सातारा-वाईकडे कुणीच मोठं माणूस मुक्कामाला आलं नाही असा वाडा मला अजून भेटायचाय. तुम्ही लिहिता, 'विटा तशा साध्याच आहेत.' त्या साध्या विटांकडे एकदा नीट बघा. पोपडे गेलेल्या जागी पट्टी लावून मोजा. वीट नऊ इंच लांब, साडेचार रुंद आणि तीन जाड असेल तर ती इंग्रजी साच्याची. पसरट आणि जेमतेम दीड इंच जाडीची असेल तर जुन्या पद्धतीची. एकाच घरात दोन्ही सापडल्या तर घर दोन वेळा बांधलंय, आणि सव्वाशे वर्षांचा तुमचा हिशेब फक्त वरच्या मजल्याचा असू शकतो. विटांना कमी लेखायची सवय तशी जुनीच. शनिवारवाड्याची आख्यायिका आहे ना, की दगडी वाडा बांधायचा मान छत्रपतींचा, अशी साताऱ्यातून कुरबुर झाली आणि जोत्यावरचे मजले विटांनी चढवावे लागले. खरंखोटं इतिहासकार बघतील. १८२८ च्या आगीत वरचं गेलं आणि दगडी तट राहिला, एवढं मात्र खरं.

विटांपेक्षाही महत्त्वाचा आहे लाकडी सांगाडा. तुमच्यासारख्या वाड्यांत बरेचदा भार खांब-तुळयांवर असतो आणि वीट मधली जागा भरते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा जिल्ह्यात मातीत रचलेल्या दगडगोट्यांच्या भिंती फार पडल्या. जिथं लाकडाचे सांधे नीट जुळलेले होते, ती घरं करकरली, पण पुष्कळदा उभी राहिली. त्या पहाटे तुमच्या वाड्यात काय झालं? घरच्यांनी ऐकलेलं असेल, तेव्हा मोठे असलेले शिंपीकाका तर नक्की सांगतील. एखादी भेग तेव्हाचीच असेल. ती अजून चालू आहे का, हे बघायची जुनी साधी युक्ती सांगते, कुठल्याही जुन्या घराला चालेल. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी थापा आणि वाळली की तिच्यावर तारीख लिहा. पट्टी वर्षभर अखंड राहिली तर भेग म्हातारी आहे, तिला बसू द्या. तडकली तर इंजिनिअरला बोलवा, त्याच आठवड्यात.

आणि सिमेंट लावू नका. हे मी शिकवण म्हणून नाही, कबुली म्हणून सांगते. आजोळच्या माजघराची भिंत ओलीनं फुगली म्हणून आम्ही मावसभावंडांनी वर्गणी काढून छान सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट. पहिला पावसाळा झकास गेला. दुसऱ्या वर्षी तीच ओल गिलाव्याच्या मागून वाट काढत हातभर वर चढली, आणि गिलावा निघाला तो विटांचे पापुद्रे घेऊनच. मातीची आणि चुन्याची भिंत पाणी पिते आणि वाळवून टाकते. सिमेंटनं आम्ही तिचं तोंड बंद केलं होतं. चुन्याचं काम महाग नाही असं म्हणणार नाही. चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो आणि तो तुमच्या सोयीनं येत नाही. पण एकदाच करायचं असेल तर तेच.

आता माणसांकडे येते. साताऱ्यातल्याच दोन जागा बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वाडा छत्रपतींचा, लाकूडकाम देखणं, पण तिथलं रजिस्टर बघायला माणसं येतात ती त्या पोरासाठी, ज्याचं नाव लिहिताना लिहिणाऱ्याला काहीच विशेष वाटलं नसेल. दुसरी जागा धनिणीची बाग. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली सगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली. १९२७ ला गांधीजींनी त्या वसतिगृहाचं नामकरण 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं केलं. तिथं नक्षीदार महिरपी शोधायला कुणी जात नाही.

तुमच्या पत्रात शिंपी कुटुंब कुठं आहे? शेवटच्या पानावर: 'शिवाय भाडेकरूंचा प्रश्न आहेच.' ते १९६४ पासून आहेत, म्हणजे तुमच्या जन्माच्या आधीपासून. तुमची परकर-पोलकी त्याच मशीनवर शिवली गेली असतील, आणि तुम्ही सासरी गेल्यावरही त्या दिंडी दरवाजातून येणारंजाणारं कोण, हे आधी त्यांना कळत आलंय. पेठेतल्या लोकांना पत्ता सांगताना वाड्याला घराण्याच्या नावानं ओळखतात, की 'शिंप्याचा वाडा' म्हणून? विचारून बघा. उत्तर कदाचित आवडणार नाही.

व्यवहाराचंही बोलते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊनही मालकानं केलं नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून भाड्यातून पैसे वळते करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं ७२०, चौथा हिस्सा १८० रुपये. त्यात गड्याचा चहा-नाश्ता होईल. म्हणजे कायदा दोघांच्या बाजूनं बोलतो आणि कौलं वहिनीच घालतात. वाडा पाडायचा ठरला तरी शिंपी कुटुंबाला वाऱ्यावर सोडता येणार नाही. त्यांची सोय करारात लिहिलेली नसेल तर तो करार तुम्हाला कोर्टात घेऊन जाईल. बिल्डर 'त्यांचं मी बघतो' म्हणाला असेल. तसं म्हणणाऱ्याकडून ते आधी लेखी घ्यावं.

सहीचं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच. २००५ च्या दुरुस्तीनं तो आला आणि त्या वेळी वडील हयात असायची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र वाडा खरंच वडिलोपार्जित आहे, की आजोबांनी स्वतः घेतलेला, मृत्युपत्र आहे का, आधी वाटणी झालीय का, यावर हिशेब बदलतो. तेव्हा नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा आणि ते घेऊन साताऱ्यातल्याच वकिलाकडे बसा. तोवर हक्कसोडपत्रावर सही करू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. पण नुसती सही अडवून ठेवायची असेल, तर तेही एक कुलूपच. त्यानं वाडा वाचत नाही. उद्या कुणीही सहहिस्सेदार वाटणीचा दावा लावू शकतो, आणि दाव्यातल्या घराची कौलं कुणी चाळत नाही.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर या उन्हाळ्यात एकच काम हाती घेतलं असतं: आत संडास-बाथरूम. मागच्या भिंतीला लागून, सोप्याच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली, जिथून सांडपाण्याला सरळ बाहेर उतार मिळेल तिथं. जाड विटांची भिंत खणून त्यात पाइप पुरू नयेत, पाइप बाहेरच्या अंगानं न्यावेत. भिंतीत गळणारा पाइप म्हणजे बारमाही पावसाळा. आडोसा हलका घ्यावा, उजेडाची आणि वाफ जायला खिडकी असावी. त्याबरोबर वहिनींची झोपायची खोली खाली आणा, आणि कडीपाटाच्या छतातून ताटात पडणाऱ्या मातीचा काही बंदोबस्त करा. सुरुवातीलाच स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, शक्यतो जुन्या बांधणीची सवय असलेल्या माणसाकडून. नुसती आरसीसीची सवय असलेला इंजिनिअर मातीची भिंत बघितली की 'पाडा' म्हणतो. त्याला दोष देत नाही, त्याला तेच शिकवलेलं असतं. इंटॅकसारख्या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे किंवा वास्तुकला महाविद्यालयांत विचारलं तर वास्तुसंवर्धनाची माणसं सापडतात.

पैसे? तुम्ही आणि नाशिकचे भाऊ. तिघा भावंडांचं एक खातं काढा आणि दर वर्षी मार्चमध्ये त्यात ठरलेली रक्कम टाका. आठवणी तिघांच्या आणि कौलांचा खर्च एका घरावर, असं आजवर चाललं, ते इथून पुढे नको. तुम्हाला आणि नाशिकच्या भावाला वर्गणी जड वाटली तर तेही एक उत्तर आहे. मग वाडा राखा, असं भाऊ-वहिनींना सांगायचा हक्क आपल्याला उरत नाही.

'होम-स्टे काढू, शूटिंगला देऊ' असंही तुम्ही लिहिलंय. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात चित्रीकरणं होतात, खरं आहे. पण तिथं नदीचा घाट आहे आणि वसईहून आणलेली घंटा आहे, तुमच्याकडे पेठेतली गल्ली आहे. आणि होम-स्टे म्हणजे सकाळी पाहुण्यांना पोहे. ते कोण करणार? तुम्ही पुण्याहून येऊन?

बाथरूम झाल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या आणि मग वहिनींना पुन्हा विचारा. तरी फ्लॅट म्हणाल्या तर ते मनापासून ऐका. तेव्हाही पाडणं हा एकच रस्ता नसतो. भाऊ-वहिनींसाठी जवळच छोटा फ्लॅट घेऊन वाडा दुसऱ्या कुणाला वापरायला देता येतो. राखणाऱ्या माणसाला विकता येतो, भाव थोडा कमी घेऊन. कधी मागची पडीक बाजू बांधून पुढचा चौक ठेवता येतो. आणि अखेर बिल्डरकडे जायचंच ठरलं, तर त्याचे चार मजले तुमच्या गल्लीच्या रुंदीत बसतात का, हे आधी नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारा, कारण किती बांधता येईल हे बरंचसं रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. अरुंद गल्लीत कागदावरचे मजले प्रत्यक्षात कमी होतात, आणि कमी होतात ते बहुधा आपल्या वाट्याचे. पाडायच्या आधी वाड्याचा मोजणी करून नकाशा काढून घ्या, प्रत्येक खोलीचे फोटो घ्या, शिंपीकाकांना आणि भावाला बोलतं करून रेकॉर्ड करा. कोठीचं ते दार चौकटीसकट काढून ठेवा. खांब जुन्या बाजारात जातील, त्यांना गिऱ्हाईक असतं. दाराला नसतं.

आणि एक. या वेळी दिवाळीला जाऊ नका. दिवाळीत वाडा छानच दिसतो, वहिनींनी आधी पंधरा दिवस राबून तो तसा केलेला असतो. मे महिन्यात जा, कौलं चाळायच्या दिवशी, आणि शिडी तुम्ही धरा. बाथरूम कुठं हवं ते वहिनींना ठरवू द्या, गवंड्याशीही त्याच बोलतील. तीस वर्षं बोलतायत. तुम्ही पैसे घेऊन जा.